अळणी पाण्याचं इतिवृत्त

समितीचं नाव कानडीत लांब आहे, पाटीवर मावत नाही.
आम्ही नुसतं 'व्हाळाची कमिटी' म्हणतो.
अध्यक्ष मालनबाई घाडी. सचिव मी,
टपालखात्यातून निवृत्त, अक्षर बरं म्हणून.
सदस्य लुमाण्णा गुरव, इनास सोज
आणि हिरेमठ मास्तर, जे माझं मराठी
रात्री घरी नेऊन सकाळी कानडीत नेसवून आणतात.

समिती सल्लागार आहे.
म्हणजे खुर्ची मिळते, बिनहाताची.

समुद्र आमच्यापैकी कुणीच रोज पाहिलेला नाही.
जांबोटीच्या पुढं, जिथं रान दाटतं,
एका जांभ्या दगडाच्या काखेतून
मनगटाएवढी धार निघते.
शेजारचा व्हाळ निमूट पूर्वेला वळतो,
हिचंच डोकं फिरलेलं, ही पश्चिमेला.
घाट उतरला की हिचं नाव बदलतं,
'लग्न झालेल्या बाईसारखं',
असं मी इतिवृत्तात लिहिलं होतं.
मालनबाईंनी ते उभं-आडवं खोडलं.
'नाव बदललं म्हणून पाणी बदलत नाही, सचिव.'

गेल्या मार्गशीर्षात मुखाकडचा माणूस वर आला.
खाडीच्या समितीचा अध्यक्ष, शाबा तारी,
होडी विकलेला, गुडघ्याला पट्टा,
चोर्ल्याच्या वळणांवर दोनदा बस थांबवून ओकलेला.
तोही सल्लागारच.
दोघांनी एकमेकांकडं पाहिलं,
एकाच विषयात नापास झालेल्यांनी पाहावं तसं.

तो फार बोलला नाही.
खारं पाणी दर साली थोडं वर चढतंय, म्हणाला.
वरून रेटायला कुणी नसलं की भरती माजते.
तिसऱ्या होत्या तिथं आता चिखल आहे,
आणि सुनेच्या विहिरीच्या पाण्यानं
चहातलं दूध नासतं.
एवढं सांगून झऱ्यापाशी वाकला,
सवयीनं बोट बुडवलं, जिभेला लावलं,
बराच वेळ तसाच राहिला.
'अळणी,' म्हणाला,
एखाद्याच्या घरचं जेवण नावाजावं तसं.
मालनबाई म्हणाल्या, 'मीठ तुमच्याकडं.
आमच्याकडं नुसतं आधण.'

जाताना सरबताच्या जुन्या बाटलीत
त्यानं आणलेली खाडी ठेवून गेला.
ती कपाटावर असते, शाईच्या पॅडशेजारी.
हजेरीला आम्ही तिला धरत नाही,
पण गणसंख्या कमी पडली
की लुमाण्णा तिच्याकडं बघतो.

ठराव सात:
झऱ्याच्या वरल्या अंगाला मुरूम काढू नये, असा सल्ला.
तीन प्रती. एक खानापूरला, एक बेळगावला,
तिसरी कुठं गेली ते मीसुद्धा,
जन्मभर पत्रं वाटलेला माणूस, सांगू शकत नाही.
उत्तर एकच आलं, एका ओळीचं:
नोंद घेतली.

माघातल्या एका सोमवारी वर यंत्र आलं.
मालनबाई छत्री घेऊन त्याच्यापुढं जाऊन बसल्या,
काखेत बाटली.
चालक बैलहोंगलकडचा पोर, मिसरूड फुटलेलं,
त्याला मराठी येईना, हिला कानडी चार शब्द.
त्यातला एक 'उप्पु'.
तिनं झाकणात खाडी ओतली, त्याच्यापुढं धरली,
मग झऱ्याकडं बोट केलं,
मग खाली, घाटाकडं, लांब.
पोरानं जीभ लावली, थुंकला,
झऱ्याचं पाणी ओंजळीनं प्याला,
आणि यंत्र बंद करून सावलीत डबा उघडून बसला.
भाकरीतली अर्धी मालनबाईंना दिली.

हे मी ठरावात घालायचं म्हणत होतो.
मास्तर म्हणाले, याला कानडीत काय म्हणणार?
मराठीत तरी काय म्हणणार?

मंगळवारी दुसरा चालक आला.
बुधवारी आम्ही पाचहीजण गेलो, आणि छत्र्या.
पुढची बैठक अमावस्येनंतर.
विषय एक: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे.
विषय दोन: शाबा तारींना पत्र,
बाटलीत आता बोटभर कमी आहे,
येताना घेऊन या.